मांदेलीची सुई

वेसाव्याच्या अंजनाबाईंच्या तोंडून आभाराचा शब्द सहसा कुणी ऐकलेला नाही. अंधेरीच्या बाजारात त्यांच्याशी पापलेटचा भाव करायचा तर छाती लागते. मासळी दिली, पैसे घेतले, विषय संपला, असा त्यांचा खाक्या. पण घरातल्या कुत्रीपुढे मात्र ही बाई विरघळते. सोनेरी रंगाची, अंगाने सडपातळ, म्हणून त्या नावाच्या माशावरून तिचं नाव मांदेली.

मांदेलीची भावंडं पिलं असतानाच रक्ताची हगवण लागून एकामागोमाग गेली. ही तेवढी उरली. तेव्हा अंजनाबाईंनी तिला पदराखाली घेतलं आणि डॉक्टर गंधालीचा दवाखाना गाठला. पार्ल्याची ही डॉक्टरीण त्यांचं जुनं गिऱ्हाईक. तिने पिलाला ठरावीक अंतराने लशी दिल्या आणि बजावलं, "आता दर वर्षी रेबीजची सुई. चुकवायची नाही, मावशी."

अंजनाबाईंना तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. रेबीजची पहिली सुई नारळी पौर्णिमेला पडली होती, म्हणून त्यांनी नेमच करून टाकला. सकाळी मांदेलीला सुई, संध्याकाळी दर्याला नारळ. नवरा गेला, होडी मुलाच्या, धर्माच्या हाती आली, तरी नेम मोडला नाही. शेजारची सोनूबाई हसायची, "दर्याला नारल नि कुत्रीला सुई. तुजे दोन देव गो."

मग एका वर्षी श्रावण अधिक आला आणि पुनव लांबली. होड्या किनाऱ्यावरच राहिल्या. त्यांच्याबरोबर मांदेलीची सुईही राहिली. दर्या थांबतोय तर कुत्री थांबेल, असं अंजनाबाईंनी धरलं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

त्याच दिवसांत एका दुपारी धर्मा होडी रंगवून तिच्याच सावलीत आडवा झाला होता. कुठूनसा एक लाळ गाळणारा कुत्रा झोकांड्या खात आला आणि थेट त्याच्यावर धावला. मांदेली मध्ये पडली. धर्मा ओरडत उठला तोवर तिचा कान फाटला होता. त्याला स्वतःला ओरखडाही नव्हता. महापालिकेच्या माणसांनी तो कुत्रा पकडून नेला. तो पिसाळलेलाच होता, हे नंतर कळलं.

जखम साबणाच्या पाण्याने धुऊन अंजनाबाईंनी मांदेलीला तडक दवाखान्यात नेलं. गंधालीने विचारलं, "या वर्षीची सुई?"

"पुनवेला येनारच होते ना."

"अधिक महिना पंचांगाला असतो मावशी, लशीला नसतो. मुदत उलटून गेलीय."

इतकी वर्षं पाळलेला नेम ऐन वेळी अंजनाबाईंच्याच हातून चुकला होता, आणि शिक्षा भोगायची होती त्या मुक्या जिवाने.

गंधालीने लगेच सुई दिली. म्हणाली, "आधीच्या वर्षांत तुम्ही एकही सुई चुकवली नाहीत, त्यावर माझा भरवसा आहे. पण दीड महिना तिला वेगळी बांधा. वागण्यात जरा फरक दिसला तर जवळ जाऊ नका, मला बोलवा."

गल्लीतले लोक तिला लांब सोडून या म्हणत होते. अंजनाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. जाळ्यांच्या खोलीत तिला बांधून त्या दारातून पाणी सरकवत आणि ती पिईपर्यंत तिथून हलत नसत. धर्मा बाहेरूनच तिच्याशी बोलत बसे. नारळी पौर्णिमा आली, होड्या सजल्या, ढोल वाजले. अंजनाबाईंनी दर्याला नारळ वाहिला, पण मागणं सगळं त्या खोलीतल्या जिवासाठी होतं.

मुदत सरली. गंधालीने स्वतः येऊन मांदेलीला तपासलं आणि दोरी सोडली. मांदेली धावत सुटली ती धर्माच्या अंगावरच. अंजनाबाई डॉक्टरणीचे हात धरून रडल्या. "तुजे उपकार फिटायचे नाय पोरी," असं त्या भर गल्लीत म्हणाल्या. सोनूबाई बघतच राहिली.

आता मांदेलीचं तोंड पांढरं झालंय. दिवसभर उंबऱ्याशी पडून असते. यंदाही अधिक महिना आला आणि पुनव पुन्हा लांबली. अंजनाबाईंनी मात्र पुनवेची वाट पाहिली नाही. मुदतीच्या आधीच रिक्षा बोलावली.

"म्हातारी झाली ती," सोनूबाई म्हणाली, "दारातून हालत पन नाय. आता कशाला सुई?"

मांदेलीला दोन्ही हातांनी उचलत अंजनाबाई म्हणाल्या, "धर्माच्या आडवी पडली तवा तिनं इचारला काय, कशाला?"

आणि त्या रिक्षात बसल्या.