बोंड फोडून पाहणारे निसार सर

निसार सर काल गेले. तीन वर्षं मी त्यांच्यावर संशय घेतला.

पांढरकवड्याच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी.

शनिवारी ते नववीला एआयचा तास घ्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, कुठल्या तरी कंपनीचा माणूस असणार.

एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्या वर्षी परत बोंडअळी आली होती. सरांनी टेबलावर कपाशीचं हिरवं बोंड ठेवलं. मोबाइलनं फोटो काढला. ॲप म्हणालं, निरोगी.

सरांनी बोंड फोडलं. आत गुलाबी अळी.

"याच्या भरवशावर बाप निर्धास्त राह्यला. पीक गेलं. चूक कोणाची?"

"ॲपची!"

"ॲप येईन काय तुया घरी माफी मांगाले?"

"कंपनीले फोन लावा ना, सर."

"लावला. एक दाबा म्हणते."

वर्ग हसला. मीही.

सर नाही हसले. "ज्यानं बोंड न फोडता मान डोलावली, त्याचीबी चूक लिहा."

पुढच्या महिन्यात त्याच वर्गातल्या सुनंदानं निबंध दिला. पोडावरची, कोलाम आदिवासी वस्तीतली मुलगी. वर्गात तोंड न उघडणारी. विषय, कापूसवेचणी.

फार चांगला होता. तेच खटकलं.

टाइप करून एका सॉफ्टवेअरमध्ये टाकला. उत्तर आलं, यंत्रानं लिहिलेला.

मी शून्य दिलं. वर्गासमोर. तालुक्याच्या स्पर्धेतून तिचं नाव काढलं.

सर स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, बोंड फोडलं काय?"

"म्हणजे?"

"पोरीले इचारलं काय?"

नव्हतं विचारलं.

तिला बोलावलं. एका वाक्यावर बोट ठेवलं. 'ओटी सोडली की आईची सावली बारीक होते.'

"हे कुठून आणलं?"

तिनं ओढणी कमरेला बांधली, पुढे झोळीसारखी. "वेचता वेचता ओटी फुगते, मॅडम. सावलीले पोट येते. मंग माय ओटी सोडते, कापूस गंजीवर टाकते. मी मांगंच असतो. मले सावलीच दिसते."

मी याच जिल्ह्यातली. कधी पाहिलं नव्हतं.

गुण परत दिले. स्पर्धा होऊन गेली होती.

माफी मागितली नाही. शून्य वर्गासमोर दिलं होतं, म्हणजे माफीही वर्गासमोर हवी होती. ते जमेना.

सर दर शनिवारी विचारायचे. "मॅडम, माफी?"

"सोमवारी."

"कोणत्या?"

आज शाळेत शोकसभा झाली. श्रद्धांजली मला वाचायची होती. मजकूर शिक्षकांच्या ग्रुपवर आयता आला. विद्यार्थिप्रिय, कर्तव्यदक्ष, सदैव हसतमुख.

सर हसतमुख नव्हते.

पाठवणाऱ्या शिक्षकाला विचारलं, "कोणी लिहिलं?"

"मोबाइलनं, मॅडम. मस्त आहे ना?"

मी तो वाचला नाही.

सुनंदा दहावीच्या रांगेत बसली होती. माइकवर तिचं नाव घेतलं. निबंध तिचा होता, म्हटलं. मी तिला न विचारता शून्य दिलं. चूक सॉफ्टवेअरची नाही, माझी. सुनंदा, मला माफ कर.

सभा संपल्यावर ती जवळ आली.

"सर गेले म्हून बोलल्या काय, मॅडम?"

"हो."

"ते असते तं?"

मी म्हटलं, "तरीही मी बोलले असते."

तिनं मान डोलावली नाही. विश्वास बसला नसावा.

सरांनी नीट शिकवलं होतं.

खुदा हाफिज, निसार सर.
तुमचा सोमवार आज आला.