पेढ्याची डाळ

सुरतेच्या उधन्यात आमच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक खानदेशी काका राहायचे. कुणीही पेढा दिला, की आधी कपाळाला लावायचे, मगच तोंडात टाकायचे.

त्या वर्षी आमचा महागाई भत्ता वाढला आणि आम्ही सरकारी नोकरीतल्यांनी गल्लीत पेढे वाटले. पेन्शनवाल्यांची वाढ मात्र सरकारनं अडकवून ठेवली; काकांची पेन्शन होती तेवढीच राहिली. त्यांनी पेढा घेतला, पण कपाळाला लावला नाही. तडक समोरच्या वाण्याच्या तराजूत टाकला.

“याची तूरडाळ दे.”

वाणी म्हणाला, “काका, मश्करी करो छो?”

“मस्करी सरकारनं केली! भाव सगळ्यांना वाढले, भत्ता फक्त यांना. रिटायर मी झालो रे, माझं पोट नाही झालं!”

दुकानातले सगळे हसले. मला मात्र तोंडातला पेढा गोड लागेना; तिथेच थुंकून टाकला.