पाचवी खाच

‘रिंगा फार सुंदर झाल्या आहेत, पण त्या आमच्या नाहीत.’ इंग्रजी मेलचा अर्थ एवढाच होता. मे महिन्यातली दुपार होती. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कूलर गरम हवाच फिरवत होता आणि माझ्यापासून दहा पावलांवर माझे उस्ताद आणि भागीदार चाचा दालमिलच्या एका शाफ्टवर वाकले होते. मी फोन खिशात ठेवला आणि त्यांना काही सांगितलं नाही. पुढचे पाच दिवस सांगितलं नाही.

मी नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातला. आई-बाबा झेंडू आणि शेवंती लावतात आणि अमरावतीच्या फूलबाजारात नेऊन विकतात. घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती घेऊन अकोल्यात एका कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा मला लेथचं चित्र उत्तम काढता येत होतं, पण लेथवर उभं राहता येत नव्हतं. ते तिथे चाचांनी शिकवलं. टूलला धार कशी द्यायची, आवाजावरून टूल बोथट झाल्याचं कसं ओळखायचं, सगळं. माझ्या कॉलेजच्या सरांचे उपकार आहेतच. पण आज माझ्या हाताला जे येतं ते चाचांचं आहे.

त्या कारखान्यात एक रीत होती. चाचांच्या कामाला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, लावायचा नाही. हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी केलेला एक शाफ्ट मी सवयीने मोजायला घेतला आणि आजूबाजूच्या मशिनी चालू असूनही सगळं गप्प झाल्यासारखं वाटलं. चाचा हात पुसत म्हणाले, “मोज बेटा, मोज. आन् उद्यापासून बनव बी तूच.” चार दिवस त्यांनी मला लेथजवळ येऊ दिलं नाही. शाफ्ट अर्थातच बरोबर होता. त्यानंतर मी त्यांचं काम कधी मोजलं नाही. त्यांनी पुसून ठेवलं की ते झालं.

पुढे तो कारखाना बंद पडला. त्यातला जुना लेथ घेऊन आम्ही दोघांनी ही शेड सुरू केली. दालमिलचे सुटे भाग तयार मिळू लागले तसं आमचं काम आटत गेलं. अशा वेळी हॉस्टेलमधल्या एका मित्राने सांगितलं, की जुन्या सिनेमांतल्या वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे लोक जगभर आहेत आणि त्यांना लेथवरचं हातकाम हवं असतं. मी आमच्या कामाचे फोटो पाठवत राहिलो. वर्षभराने एका गटाचं उत्तर आलं.

एका जुन्या परदेशी विज्ञानपटात यानात एकटा उरलेला माणूस हातातल्या यंत्रात बोलत राहतो आणि पलीकडून कोणी उत्तर देत नाही. ते यंत्र पडद्यावर दोन-तीन मिनिटंच दिसतं. त्याच्या मुठीवर अ‍ॅल्युमिनियमची एक रिंग आहे. तिच्यावर सात खाचा आहेत आणि एका कडेला पकड यावी म्हणून खरखरीत जाळी पाडली आहे, तिला आम्ही नर्लिंग म्हणतो. त्या गटाला त्या यंत्राच्या बारा प्रती करायच्या होत्या. मूळ रिंगेवरून साच्यात काढलेला रेझिनचा एक नमुना त्यांनी मला पाठवला. आधी तीन रिंगा करून दाखवायच्या. पटल्या तर पुढचं सगळं काम आमचं.

ते काम मिळालं तर शेड चालणार होती. नाही मिळालं तर पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र माझ्याकडे पडून होतं, आणि त्याला महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं होतं. म्हणजे माझी सोय होती. चाचांची नव्हती. सत्तरीला टेकलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेल्या माणसाला दुसऱ्या कोणी लेथवर उभं केलं नसतं. ते घरी जाऊन खाटेवर बसले असते. मला त्या खाटेचीच भीती वाटत होती.

मेलसोबत फोटो होते. डावीकडे मूळ रिंग, उजवीकडे आमची. मूळ रिंगेवरची पाचवी खाच बाकीच्यांपेक्षा उथळ आणि थोडी रुंद आहे. स्क्रूचं भोक मध्यावर नाही. नर्लिंग एका जागी दुहेरी पडलंय. आमच्या रिंगेवर साती खाचा सारख्या, भोक बरोबर मधोमध, नर्लिंग स्वच्छ.

मला सगळं एका क्षणात समजलं. दालमिलवाला घासलेला, वाकलेला, तुटका नग आणतो. चाचा तो हातात फिरवतात आणि नवा असताना तो कसा असेल तसा करून देतात. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. रेझिनचा नमुना त्यांच्या हातात देऊन मी म्हणालो होतो, “चाचा, अगदी असाच पाह्यजे.” त्यांनी तो फिरवून पाहिला आणि त्यांना तो एक बिघडलेला नग दिसला. म्हणून त्यांनी तो दुरुस्त केला. आणि मी, मूळ रिंगेवरची पाचवी खाच उथळ आहे हे ठाऊक असलेला पदवीधर, त्यांनी पुसून ठेवलेल्या रिंगा न मोजता, नीट न पाहता, कागदात गुंडाळून कुरिअरला दिल्या होत्या.

‘पंधरा दिवसांत नव्या तीन रिंगा आल्या नाहीत तर आम्हाला दुसरीकडे जावं लागेल,’ असं शेवटी लिहिलं होतं.

मी ठरवलं, चाचांना न दुखवता आपणच करू. ते जेवायला घरी गेले, नमाजला गेले की मी लेथवर उभा राहायचो. चुका करायला काय लागतं, असं मला वाटलं होतं. पण माझ्या चुका माझ्याच निघत. पाचवी खाच उथळ ठेवली की सहावी बिघडे. नर्लिंग दुहेरी पडे, पण भलत्या जागी. एकदा रिंग चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, सुटून पत्र्यावर आदळली. हाताचा घाम पुसत मी पुन्हा दुसरा तुकडा लावी. चौथ्या दिवसापर्यंत अकरा तुकडे वाया गेले आणि त्या जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची सळई हातभरच उरली. मुंबईहून दुसरी यायला जितके दिवस लागणार होते तितके माझ्यापाशी नव्हते.

पाचव्या दिवशी गावाकडे काम आहे असं सांगून मी अमरावतीला संगणकावर चालणारं सीएनसी मशीन असलेल्या एकाकडे गेलो. तो माझ्याच वयाचा. नमुना पाहून म्हणाला, “सर, मशीन चुकत नसते. तुम्हीच चूक लिहून द्या.” मी मापं लिहून दिली. त्याने त्याच्याकडच्या धातूत एक रिंग काढून दिली. चूक होती, पण इस्त्री केल्यासारखी होती. खाचेच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या. कोणत्याही माणसाने ती केली असेल असं वाटत नव्हतं.

तिथून फूलबाजारात गेलो. आई टोपलीवर ओलं फडकं टाकत होती. माझं तोंड पाहून तिनं विचारलं, मी सांगितलं.

“ते यंत्र खरंखुरं बोलते का?” आईनं विचारलं.

“नाई वं माय. सिनेमातलं खोटं यंत्र हाये.”

“मंग खोट्याची नक्कल काहून करून राह्यला बापा तू? खरं काई नाई का कराले?”

शेजारची बाई हसली. मीही हसलो असेन. मग आई खाली पाहत म्हणाली, “पुन्याचं आलं हाये ना? हो म्हन न्. तुह्या बाबाच्या जिवाले घोर हाये.” माझ्या शिक्षणासाठी ज्या टोपल्या तिनं उचलल्या त्यातलीच एक तिच्या पुढ्यात होती. परतीच्या बसमध्ये पुण्याच्या पत्राला होकार लिहिला. पाठवला मात्र नाही. मूर्तिजापूर मागे गेलं, बोरगाव गेलं, मी तोच मजकूर पुन:पुन्हा वाचत राहिलो.

सहाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये आलो तर चाचा लेथखालच्या ट्रेपाशी उकिडवे बसले होते. चिमटीत अ‍ॅल्युमिनियमचा चकाकता कीस होता.

“इंजिनियर, आठ दिवस झाले, म्या लोखंडच कापून राह्यलो. ट्रेमधी ही चांदी कुठून आली?”

मी कोपऱ्यातला झाडू उचलला.

“चोरून लेथ चालवायचा तर कीस तरी झाडून घेत जा. एवढं बी नाई शिकवलं का म्या तुले?”

मग मी सगळं सांगितलं. मेल, फोटो, दिवस. पुण्याचं पत्रही. त्यांनी फोनवरचे दोन्ही फोटो डोळ्याजवळ, मग लांब धरून पाहिले.

“म्हंजे म्या चांगलं केलं म्हून वापस आलं?”

“हो.”

“आन् तू पाठोयच्या आधी पायलं नाई?”

“तुमचं काम होतं, चाचा.”

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग त्यांनी रेझिनचा नमुना मागितला आणि दारात उजेडात जाऊन बसले. पहिल्यांदाच तो बिघडलेला नग म्हणून न पाहता ते त्याला पाहत होते. नखाने एकेक खाच चाचपत होते.

“याचं टूल सेंटरच्या खाली बसलेलं व्हतं,” ते म्हणाले. “नग चकच्या लय भायेर काढला, म्हून थरथरला. भोकाले आधी खुनेचा पंच नाई मारला, ड्रिल सरकलं. घाईत व्हता बिचारा.” मग पाचव्या खाचेवर त्यांचं नख थांबलं. “इथं त्याले कोनं तरी हाक मारली असन. हात काढला यानं. वापस आला, पुन्हा टूल लावलं, पन त्याच जागी नाई बसलं. म्हून रुंद. मंग म्हनला, जाऊ दे, कोन पायते.”

मी पाच दिवस मापं घेत होतो. तो माणूस मला दिसला नव्हता.

चाचांनी मला शेजारी उभं केलं. “मले घाई कर. पाचवीवर हाक मार.” मी मूर्खासारखा “चाचा आवरा, चाचा झालं का” म्हणत राहिलो. पाचव्या खाचेवर ओरडलो. त्यांनी दचकून हात काढला, पुन्हा लावला. खाच वाकडी झाली, पण वेगळीच. दुसरा तुकडा, तेच. आता पाच तुकड्यांचीच सळई उरली होती. चाचांनी लेथ बंद केला आणि त्यावर दोन्ही हात टेकवून उभे राहिले.

“त्याची घाई आपल्याले नाई जमत,” ते म्हणाले. “हे सावकाशच बिघडवा लागन.” आणि न वळता म्हणाले, “तुहा तो व्हर्नियर आन.”

“चाचा, नको.”

“आन म्हनलं ना.”

पुढच्या चार दिवसांत आम्ही तीन रिंगा केल्या. चाचा टूल एक केस पुढे नेत, लेथ थांबवत आणि बाजूला सरकत. मी त्यांच्यासमोर, त्यांच्या कामाला व्हर्नियर लावायचो आणि आकडा मोठ्याने वाचायचो. “अजून उथळ पाह्यजे, चाचा.” “कड जास्त साफ झाली.” ज्यांनी मला खाच पाडायला शिकवली त्यांना मी सांगत होतो की तुम्ही अजून पुरेसं वाईट करत नाही आहात. ते “हाव” म्हणत आणि पुन्हा वाकत. मोतीबिंदूच्या डोळ्यातून पाणी येई, ते खांद्याला पुसत. दुसऱ्या रिंगेची पाचवी खाच खोल गेली, चौथीला एक बारीक चीर गेली, त्या दोन्ही बाजूला ठेवल्या. पाचवीला, म्हणजे शेवटच्या तुकड्याला, त्यांनी हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटले. ती जमली.

रिंगा कुरिअरने गेल्या. महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना मेल आला: ‘आता या आमच्या आहेत.’ मी चाचांना वाचून दाखवला, मराठीत सांगितला.

“म्हंजे बिघडवनं बरोबर जमलं,” ते म्हणाले. थोडं हसले, आणि चहा सांगायला बाहेर गेले. मी पुण्याला नकार पाठवला. आईला फोन केला. ती म्हणाली, “बरं. जेवलास का?”

काम मिळालं, शेड राहिली, चाचा लेथवर राहिले. मला जे हवं होतं ते सगळं झालं. दुसऱ्या दिवशी दालमिलचा शाफ्ट आला होता, रोजचा, त्यांनी हजारदा केलेला. त्यांनी तो केला, चिंधीने पुसला आणि नेहमीसारखा फळीवर ठेवला नाही. माझ्या टेबलावरचा व्हर्नियर उचलून माझ्यासमोर धरला.

“लाव.”

“याले कायले, चाचा?”

“लाव ना. चांगलं झालं का खराब, ते आता मले कसं समजन?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पायाशी बसून त्यांची समजूत काढली असती. मी माप घेतलं. शाफ्ट बरोबर होता. मी आकडा वाचला, त्यांनी मान हलवली आणि दुसरा नग लावायला वळले. तेव्हापासून आजवर हे असंच चाललंय. नग झाला की व्हर्नियर माझ्यासमोर येतो. मी नको म्हणून पाहिलं, एकदा व्हर्नियर लपवूनही ठेवला; तर ते शेजारच्या शेडमधून मागून घेऊन आले.

त्या पहिल्या तीन सुंदर रिंगा त्या गटाने परत पाठवल्या. साती खाचा सारख्या, भोक मधोमध. त्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. त्यांना मी व्हर्नियर लावलेला नाही.