मुजावरबाईंचा पहिला प्रश्न

फरीदाबादच्या डॉ. मुजावरबाई डोळ्याला हात लावण्याआधी पेशंटची पिशवी तपासायच्या. "अच्छा, सगळ्या बाटल्या टेबलावर ठेवा. डोळ्यात काय काय घातलंत, ते आधी कळू दे." बाई मूळच्या मिरजेच्या. मराठी पेशंट आला की खूश व्हायच्या, पण ही झडती कुणालाच चुकली नाही. मला तो आगाऊपणा वाटे. मी केंद्र सरकारातला अधिकारी, मला कुणी असं विचारलेलं खपत नसे.

माझ्या बायकोचा, सुनंदाचा, उजवा डोळा लाल झाला तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मीच तिला घातले. लाली उतरली, मी शेखी मिरवली. चार दिवसांनी तिला उजेड सोसेना, म्हणून बाईंकडे गेलो. बाटली मात्र मी मुद्दाम घरी ठेवली.

पिशवीत काहीच निघालं नाही, तेव्हा बाईंनी कापसाची बारीक वात तिच्या बुबुळाला टेकवली. सुनंदाची पापणी लवली नाही. "जखम असून कळत नाही, हे चांगलं नाही," बाई म्हणाल्या. मग रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवून निळ्या उजेडात त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "बुबुळाला सूज आहे. हिरव्या फांद्या फुटल्यासारखं दिसतंय, म्हणजे व्हायरस. पण इतकं पसरायला नको होतं. कुठले थेंब घातलेत?"

"गुलाबजल," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. मग मला बाहेर बसवून त्यांनी सुनंदाला एकटीला विचारलं. तीही गुलाबजलच म्हणाली. का, ते मी तिला कधी विचारलं नाही.

बाईंनी मलम दिलं. मी सोबत आपले थेंबही चालूच ठेवले. लाली त्यांनीच उतरते, हा माझा हेका. आठवड्याभरात बुबुळावर पांढुरका डाग दिसू लागला, तेव्हा कुठे मी ती बाटली बाईंपुढे ठेवली.

त्यांनी लेबल वाचलं. "हे स्टेरॉइड आहे, साहेब. लाली उतरते, पण व्हायरस फोफावतो. या जखमेला बिल्कुल चालत नाही. मी तीनदा विचारलं होतं." मग सुनंदाकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही यांची लाज राखलीत. डाग राहणार. या डोळ्यानं आता वाचता यायचं नाही."

आवाज त्यांनी चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो तरी असतो. त्यांचा मला इतका राग आला, की स्वतःचा यायला फार वेळ लागला.

गाडीत सुनंदा एवढंच बोलली, "अहो, दुसरा डॉक्टर बघा. यांच्यासमोर मला आता बसवणार नाही."

बाईंइतकं नीट तपासणारं आसपास कुणी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मला हायसं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी मी दुसरा डॉक्टर शोधला.