धुऱ्यावरच्या खुंट्या

शिकून मुंग्या मोजायच्या म्हटल्यावर कळमनुरीजवळच्या त्या गावाने कोमलला पार येड्यात काढलं. पोरीने नर्सिंग केलं असतं तर याच लोकांनी तिचं कौतुक केलं असतं. तिनेही कुणाची भीडभाड ठेवली नाही. सजीव एकमेकांच्या आधाराने कसे जगतात, कसे बदलत जातात, हे शिकवणारी एक संस्था बंगळूरला आहे. तिथली लेखी परीक्षा ती पास झाली. आता मुलाखतीत स्वतः केलेलं काम दाखवायचं होतं. मोठं कॉलेज नाही, फाडफाड इंग्रजी नाही. कामच नसेल तर तिला उभं कोण करणार?

हे काम चाललं होतं तिचे वडील वैजनाथ आणि काका दगडोबा यांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर. दोघे सख्खे भाऊ, पण बोलाचाली बंद. दरसाल दोन्हीकडून नांगराचं एकेक तास धुऱ्यात घालून त्यांनी त्या बांधाची पार पायवाट करून टाकली होती. तरी गवत होतं, गवतात मुंग्या होत्या. चार खुंट्या ठोकून, सुतळी ताणून कोमल त्या चौकटीतल्या मुंग्या बघत बसायची. हिवाळ्यातलं काम झालं होतं, उन्हाळ्यातलं राहिलं होतं.

पण धुऱ्यावर खुंटी दिसली की आपल्या माणसाला एकच गोष्ट सुचते, मोजणी.

"कोणाच्या सांगण्यावरून मोजून राहिलीस गं?" दगडोबाने विचारलं.

"काका, मी मुंग्या मोजून राहिले."

"मुंग्यायला खुंट्या लागतेत व्हय? मला नको शिकवू."

दुसऱ्याच दिवशी त्याने धुरा पेटवला. धुरे पेटवायचे दिवसच होते, बोलायला तोंड नाही. खुंट्या जळाल्या, सुतळी जळाली. कोमल रडत घरी आली. आता बाबा काकाला जाब विचारतील, असं तिला वाटलं.

वैजनाथ जागचा हलला नाही. "जळू दे. पर तू समदं मापलंस न्हवं? किती घेतलं त्येनं?"

"काय?"

"आपलं रान. तेवढ्यासाठीच तर तुला तिथं बसू दिलं. मुंग्या काय बघायच्यात?"

कोमलचं रडं तिथल्या तिथे थांबलं. तिला बापाचा इतका राग आला, की काका त्यापुढे परवडला. सकाळी तिने त्याच राखेत नव्या खुंट्या ठोकल्या आणि दगडोबाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "व्हय, मोजणीच हाय! खुंटी हलली तर मोठा सायब येईल." बापालाही तेच सांगितलं. त्यानंतर दोघांनीही त्या खुंट्या डोळ्यात तेल घालून राखल्या. जळाल्या धुऱ्यावर कोणत्या मुंग्या उरल्या, कोणत्या परतल्या, हे तिने उन्हाळाभर निवांत पाहिलं. दोघांचीही तिला शिसारी आली होती.

मुलाखतीला निघाली तेव्हा वैजनाथ तिची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आला. नांदेडची गाडी दिसली तसा त्याला धीर धरवेना.

"आता तरी सांग. त्येनं किती घेतलं?"

कोमलने पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली. "तुमीच जास्त घेतलंय, बाबा," ती म्हणाली आणि गाडीत चढली.