खंडेनवमीचा पेढा

आम्हा ख्रिस्ती मंडळींची घरसभा कित्येक वर्षं मोशीतल्या आमच्याच घरी भरते. शुक्रवारी संध्याकाळी पहिल्या शिफ्टची माणसं येतात, बायको चहा टाकते, मी पवित्र शास्त्र उघडून अर्थ सांगतो. सगळं सुरळीत होतं. मग जालन्याहून तो आला. चाकणला माझ्याच कंपनीत, माझ्याच लाइनवर लागला आणि मीच त्याला घरसभेला आणलं. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

वाद निघाला पेढ्यावरून. खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा होते, नारळ फुटतो, प्रसादाचा पेढा प्रत्येकापुढे येतो. ख्रिस्ती माणसानं तो खावा का? मी शास्त्रातलं वचन काढून ठणकावून सांगितलं, मूर्तीला दाखवलेला नैवेद्य वर्ज्य. मी तर दरवर्षी 'शुगर आहे' म्हणून हात मागे घेत आलो होतो.

तो म्हणाला, "दादा, तुमचं वचन खरंच आहे. पण शास्त्रात प्रेषित पौल असंही लिहितो ना, की मूर्ती म्हणजे काहीच नाही? मग त्या खाण्यानं आपलं काय बिघडणार? माझं चुकत असेल तर सांगा."

चुकत असेल तर सांगा! मी तावातावानं बोलत सुटलो आणि हा मान हलवत ऐकतोय. वर म्हणतो, "हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं, दादा." सगळे त्याच्याकडेच बघत होते. बायकोनं त्याला न विचारता दुसरा चहा दिला. मला नाही दिला. निघताना सभेतले सगळ्यांत वडीलधारे काका म्हणाले, "त्याच्याकडे हॉल मोठा आहे. घरसभा तिकडे न्यावी का? पुढच्या शुक्रवारी ठरवू."

माझा नुसता जळफळाट झाला. पेढा खावा की नाही, याचं मला आता काही पडलं नव्हतं. माझी माणसं त्याची होत होती. मग मी ठरवलं, हा एवढा समजूतदार, तर आपण त्याच्या वरचढ समजूतदार व्हायचं. त्याच्या मताचा मान ठेवून सगळ्यांसमोर पेढा खायचा.

खंडेनवमीला मशिनला झेंडूचे हार चढले, नारळ फुटला, खोका फिरू लागला. मी पुढं होऊन पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. शेजारचा वेल्डर ओरडला, "काय राव, शुगर पळाली वाटतं!"

माझ्या पाठीमागे खोका त्याच्यापुढे गेला होता. त्याचा आवाज आला, "नको भाऊ. मला चालतो, पण आमच्या दादांना नाही चालत. त्यांच्यासमोर कसा खाऊ?"

मी वळलो. गाल फुगलेले, ओठांना खवा लागलेला. तो हसला असता तर मी सुटलो असतो. त्यानं नुसती पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली.

शुक्रवारी काकांनी विषय काढला. तो म्हणाला, "घरसभा दादांकडेच राहू द्या. त्यांना पटत नसताना माझ्यासाठी त्यांनी पेढा खाल्ला. एवढं मोठं मन माझं नाही." सगळ्यांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. बायकोनं दुसरा चहा माझ्या हातात दिला.

घरसभा अजून आमच्याच घरी भरते. तीसुद्धा त्यानंच मला दिली.