तापाचं सोंग

धुळ्याच्या एका कचेरीतले कारकून गिरधरभाऊ तापाचा अर्ज टाकून थेट जळगावला, जपानी कार्टूनवेड्यांच्या मेळाव्यात पोचले. सरकारी ताप तो, रजेपुरताच चढायचा! अंगावर तेलाच्या डब्यांचा यंत्रमानव, डोक्यावर चाळणी. निघताना बायको बेबाबाई म्हणाली होती, "हाई बठ्ठं सोंग शे!" हे 'सगळं सोंग' भाऊंना कौतुकच वाटलं.

मंचावर जायच्या रांगेत त्यांच्यापुढे एक जपानी शाळकरी पोरगी उभी होती. आखूड झगा, निळ्या सुतळीच्या दोन वेण्या आणि पावडरीखाली भरघोस मिशी. पोरगी वळली आणि त्यांच्या साहेबांच्या आवाजात गुरकावली, "गिरधर, ताप उतरला वाटतं?"

"हो साहेब," चाळणी सावरत भाऊ म्हणाले, "आणि आज तुमच्या सासूबाईंचं तेरावं होतं ना? यंदाचं दुसरं?"